क्रॅब पल्सार दृश्य प्रकाशात: फिरती चकती, वेगवान कॅमेरा की फोटॉन मोजणी?

हौशी दुर्बिणीतून दृश्य प्रकाशात पल्सार (वेगाने फिरत ठरावीक लयीत लुकलुकणारा न्यूट्रॉन तारा) पकडायचा म्हटलं, तर कोणता तारा हा प्रश्नच उरत नाही. क्रॅब नेब्युलाच्या मधोमध असलेला पल्सार 16.5 प्रतीच्या आसपास आहे (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप; आकडा मोठा तितका तारा अंधुक). वेला पल्सारची दृश्य स्पंदनं 1977 मध्ये सापडली, पण तो 23.6 प्रतीचा, त्यासाठी ऑस्ट्रेलियातली 3.9 मीटरची दुर्बीण लागली. तेव्हा क्रॅबच. ठरवायची आहे ती पद्धत.

हा तारा सेकंदाला साधारण 29.6 वेळा स्वतःभोवती फिरतो आणि दर फेरीत एक मोठं, एक धाकटं स्पंदन देतो. 40 सेंमी आरशावर व्ही फिल्टरच्या (हिरवट-पिवळ्या) पट्ट्यातले त्याचे सेकंदाला 280च्या आसपास फोटॉन पडतात, म्हणजे एका फेरीमागे नऊ-दहा, तेही वाटेतली गळती धरण्याआधी. एकट्या स्पंदनाचा फोटो काढायचं डोक्यातून काढून टाका. हजारो फेऱ्या एकावर एक रचाव्या लागतात, आणि हे रचण्याचं काम कोणावर सोपवायचं, यावरच निवड ठरते.

चकतीच्या पद्धतीत ते काम मोटर करते. कॅमेऱ्यापुढे खाचा पाडलेली चकती फिरवायची. दोन खाचा असतील तर सेकंदाला 14.8 फेरे. 1969 मध्ये लिक वेधशाळेत टीव्ही कॅमेऱ्यापुढे अशीच चकती फिरवून हा पल्सार पडद्यावर दाखवला होता. खाचा समोरून जाण्याची कंप्रता (सेकंदाला किती वेळा) पल्सारपेक्षा 0.01 हर्ट्झने पुढेमागे ठेवली, की तारा 100 सेकंदांत एकदा सावकाश उजळतो आणि मावळतो. मग दहा-दहा सेकंदांची एक्सपोजर घेतली तरी भागतं, साधा कॅमेराही चालतो. पाचेक विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) जवळपास तितकाच ठळक दुसरा तारा आहे, तो मात्र ढिम्म. एक लुकलुकतो, दुसरा नाही: याहून सरळ पुरावा कुठला हवा? उणी बाजू अशी, की बहुतेक प्रकाश चकतीच अडवते आणि स्पंदनाचा आकार ढोबळच कळतो. मोटरला क्रिस्टलवर चालणारं नियंत्रण हवंच. गती डगमगली की सगळं पुसट.

आकार हवा असेल तर वेगवान सीमॉस कॅमेरा. चिपचा छोटासा चौकोन वाचून तीन-चार मिलिसेकंदांच्या फ्रेम घ्यायच्या आणि नंतर संगणकावर प्रत्येक फ्रेम तिच्या कलेप्रमाणे, म्हणजे ती फेरीच्या कोणत्या टप्प्यावर आली त्यानुसार, खान्यात टाकायची. फ्रेममागे एखाद-दुसरा फोटॉन, त्यामुळे कॅमेऱ्याचा रीड नॉईज (चिप वाचताना मिसळणारा गोंगाट) एक इलेक्ट्रॉनच्या आसपास नसेल तर मोठी दुर्बीण लागेल. पण लोक नॉईजची काळजी करत बसतात आणि फसतात घड्याळापाशी. संगणकाचं घड्याळ दहा लाखांत 50 भागांनी चुकलं, तरी अर्ध्या तासात 90 मिलिसेकंदांचा फरक पडतो; पल्सारच्या जवळजवळ तीन फेऱ्या. चूक एकसारखी असेल तर आवर्तकाल थोडा मागेपुढे करून ती शोधता येते, पण मधल्या फ्रेम गळल्या तर हिशेबच कोलमडतो. जीपीएसची वेळ थेट फ्रेमवर उमटवणारी सोय असेल तर डोळे मिटून ती घ्या.

फोटॉन मोजणी ही मूळची वाट. जानेवारी 1969 मध्ये कॉक, डिस्ने आणि टेलर यांनी स्टुअर्ड वेधशाळेच्या 36 इंची दुर्बिणीवर फोटोमल्टिप्लायर (एकेक फोटॉन टिपणारी नळी) लावूनच पहिली दृश्य स्पंदनं नोंदवली. रीड नॉईज नाही, वेळ मायक्रोसेकंदात. पण उपकरणापुढच्या छिद्रातून येईल ते सगळं मोजलं जातं: नेब्युला, आकाश, तो शेजारचा ताराही. तारा छिद्राबाहेर सरकला तरी लगेच कळत नाही. माग घेणारी यंत्रणा अगदी भरवशाची नसेल तर या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

25-30 सेंमी दुर्बीण असेल तर मी चकतीच म्हणेन. आलेख काढण्याची हौस आणि 40 सेंमीच्या पुढचा आरसा असेल तर कॅमेरा.

आणि पल्सारच्या कंप्रतेचा आकडा त्या महिन्याचाच घ्या. पल्सार मंदावतोय, वर्षाला 0.01 हर्ट्झहून थोडा जास्त. गेल्या वर्षीच्या आकड्यावर लावलेल्या चकतीत ठरवलेला फरकच मोडून जातो. ब्रिटनमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेची अशा आकड्यांची मासिक यादी सर्वांना खुली आहे, पण ती सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यासाठी असते, म्हणजे पृथ्वीची गती तिच्यात धरलेली नसते. सप्टेंबरात पृथ्वी क्रॅबच्या दिशेने धावते, मार्चमध्ये दूर, आणि त्यामुळे कंप्रतेत 0.003 हर्ट्झपर्यंत फरक पडतो. कॅमेऱ्याच्या नोंदीत ही दुरुस्ती केली नाही, तर दहा मिनिटांतच कला जवळपास दोन फेऱ्यांनी सरकते.