पलासियातलं मुलांच्या मानसचाचणीचं केंद्र: अहवाल चोख, पाटी गोंधळाची

वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांना घेऊन इंदूरची बरीच मराठी कुटुंबं या केंद्रात जातात. तपासणी उत्तम होते, पण दारावरची पाटी दिशाभूल करते.

पाटीवर तीन नावं आहेत. पहिले ‘डॉ.’ मनोविकारतज्ज्ञ, एमबीबीएसनंतर एमडी केलेले. तिघांत औषध लिहिण्याचा अधिकार त्यांनाच. दुसऱ्या ‘डॉ.’ मानसशास्त्रात पीएच.डी. आहेत, पण ती संशोधनाची पदवी. नुसत्या तिच्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चाचण्या घेऊन निदान करणारा मानसशास्त्रज्ञ, होता येत नाही. तिसऱ्या बाईंच्या नावाआधी काहीच नाही, आणि अहवालावर सही हवी ती त्यांचीच: एम.ए.नंतर दोन वर्षांचं क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. आणि आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी. नुसता आरसीआय नंबर पाहून थांबू नका. विशेष शिक्षकांनाही तो मिळतो, म्हणून नोंदणी कोणत्या वर्गातली आहे आणि नूतनीकरण झालंय का, तेही बघा.

कामाची पद्धत मात्र वाखाणण्यासारखी. आधी डोळे आणि कान तपासून यायला सांगतात, कारण फळा न दिसणारं मूलही वाचनात चुकतंच. मग दोन सकाळी: एक दिवस बुद्ध्यांक, दुसऱ्या दिवशी वाचन, लेखन, गणित. शाळेतून दमून आलेल्या मुलाला बसवत नाहीत. गुण कमी पडतात आणि दोष बुद्धीवर जातो.

भाषेची काळजी विशेष. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी अशा मुलाला कोणत्या भाषेत विचारायचं, हे आधी ठरवतात. चाचणी चालू असताना प्रश्नांचं तोंडी भाषांतर केलं की शब्दांची काठिण्यपातळी बदलते आणि मानकांशी, म्हणजे त्याच वयाच्या मुलांच्या ठरवलेल्या गुणांशी, तुलनाच उरत नाही. बिने-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी तर मुळात मराठी आणि कन्नड मुलांसाठीच बेतलेली. पण तिची मानकं जुनी आहेत, म्हणून इथे जोडीला दुसरी चाचणी घेतात, हे योग्यच. अहवालात नुसता एकूण आकडा नसतो, प्रत्येक उपचाचणीचे गुण असतात.

खटकतं ते स्वागतकक्षात. ‘सर्टिफिकेट मिळेल’ असं तिथे सांगतात. ते चूक आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं अध्ययन-अक्षमतेचं प्रमाणपत्र सरकारने नेमलेलं वैद्यकीय मंडळच देतं. मंडळाकडे जाताना हा अहवाल न्या आणि चाचणीची तारीख दाखवा: तीच चाचणी काही महिन्यांत पुन्हा घेतली, तर सरावाने गुण फुगतात.