टायटॅनिकचा १:४०० प्रमाणातला प्लॅस्टिक संच : बांधणी अस्सल, कठडे मात्र जाड

टायटॅनिकची १:४०० प्रमाणातली प्रतिकृती बांधण्याचा हा प्लॅस्टिक संच जोडून आणि रंगवून पुरा केल्यावर जे मत झाले, ते आधीच सांगतो. जहाजाचे मूळ अंग म्हणून तो उत्तम आहे. पण पेटीत मिळते तेवढ्यावरच भागवले, तर तयार होते ते खेळणे. पितळी जाळीकामाचे सुटे भाग वेगळे घ्यावे लागतात आणि त्यांचा खर्च संचाच्या किमतीतच धरायला हवा.

मूळ जहाज सुमारे २६९ मीटर लांब होते, म्हणजे प्रतिकृती ६७ सेंटिमीटरची होते. बारकावे दाखवायला हे माप मला सर्वांत योग्य वाटते. १:७०० मध्ये तीस फुटी लाईफबोट सव्वा सेंटिमीटरच्या थोडी वर जाते आणि चिमट्यात धरतानाच हरवते. १:२०० चे जहाज १३४ सेंटिमीटरचे होत असल्याने त्याला स्वतंत्र टेबलच द्यावे लागते.

जहाजाचे अंग डाव्या-उजव्या अशा दोन भागांत येते. प्लॅस्टिक जोडायचे सिमेंट लावण्याआधी दोन्ही भाग मास्किंग टेपने बांधून मधले डेक नुसते बसवून पाहावेत, कारण नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, सांध्यात बारीक फट राहते आणि ती पुट्टीने भरून पॉलिश पेपरने घासताना पोलादी पत्र्यांच्या कडा पुसल्या जाण्याचा धोका असतो. या कडा साच्यात फार संयमाने घेतल्या आहेत. रंगाचा पातळ थर दिल्यावर त्या तिरप्या उजेडातच दिसतात आणि तेच बरोबर आहे. डेकला नाळेकडे आणि मागच्या टोकाकडे जो हलका बाक असतो, तोही अचूक उतरला आहे. अशा जहाजाचे निम्मे देखणेपण या बाकात असते, म्हणून या एका गोष्टीसाठी मी संचाला भरघोस गुण देतो.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की हे टायटॅनिकच आहे की तिची थोरली बहीण ऑलिंपिक. दोन्ही जहाजे बेलफास्टच्या हारलंड अँड वुल्फ गोदीत बांधली गेली, ऑलिंपिक १९१० साली पाण्यात उतरली आणि टायटॅनिक १९११ साली. त्यामुळे एकाच साच्यावर दोन्ही नावे चिकटवण्याचा मोह उत्पादकांना होतो. या संचात ए डेकच्या पुढच्या अर्ध्या भागाला खिडक्यांची बंद भिंत आहे आणि बी डेकवरच्या खिडक्यांमधले अंतर कमी-जास्त आहे, म्हणजे हे टायटॅनिकच आहे. गोल खिडक्या मात्र उथळ खळग्यांसारख्या आल्या आहेत. हाताच्या बारीक ड्रिलने त्या आरपार पाडल्या आणि आतून काळा रंग दिला, तर जहाजाला खोली येते. काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये.

सर्वांत कच्चा भाग कठड्यांचा. प्लॅस्टिकचा गज अर्धा मिलिमीटर जाड आहे, म्हणजे मूळ मापात तो वीस सेंटिमीटरचा होतो. असल्या कठड्याला धरून कोणताही प्रवासी उभा राहू शकला नसता. पितळी कठडे लावल्यावर संपूर्ण जहाज एकदम हलके आणि खरे वाटू लागते. लाईफबोटी पेटीतल्याच वापराव्यात, त्या चांगल्या आहेत. डेव्हिटच्या, म्हणजे लाईफबोटी पाण्यात सोडायच्या बाकदार खांबांच्या, जोड्या सोळा आहेत. चार घडीच्या होड्यांपैकी दोन अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या छतावर बसतात, याकडे मार्गदर्शक पुस्तिकेतल्या चित्रात लक्ष द्यावे.

धुराडी लंबवर्तुळाकार आहेत आणि प्रत्येक दोन भागांत येते, त्यामुळे सांधा नाहीसा करताना गोलाई बिघडणार नाही याची काळजी घ्यावी. चारही एकाच कोनात मागे झुकलेली हवीत. बाजूने डोळा लावून तपासल्याशिवाय गोंद लावू नये. रंगाबाबत एक आग्रहाचे सांगणे: १० एप्रिल १९१२ रोजी साउदॅम्प्टन सोडताना हे जहाज नवे कोरे होते, म्हणून गंजाचे ओघळ दाखवणे चूक आहे. काजळीची छटा द्यायचीच असेल, तर ती पहिल्या तीन धुराड्यांपुरती ठेवावी, कारण चौथे बॉयलरला जोडलेले नव्हते, ते मुख्यतः हवा खेळण्यासाठी होते.

काळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या मधली पिवळी रेघ चिकटचित्रांत दिली आहे. ती बरी आहे. डोलकाठ्यांच्या ताणांसाठी दिलेला दोरा जाड आणि तंतू सुटणारा आहे, तो बाजूला ठेवून स्प्रूचा, म्हणजे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचा, तुकडा मेणबत्तीवर तापवून ओढलेली तार वापरावी. ज्यांनी पूर्वी एखादे छोटे जहाज जोडले आहे, त्यांनी हा संच पितळी भागांसह जरूर घ्यावा. अगदी नवख्यांनी आधी कमी भागांचे, कठडे नसलेले जहाज करून पाहावे.