पोस्टग्रेस आठ महिने वापरल्यावर (दार बंद येतं तेच बरं)

खानापूरला मामाचं खत-बियाण्याचं दुकान आहे, तिथली उधारीची वही बंद करून सगळं पोस्टग्रेस १६ या डेटाबेसवर (माहिती साठवायचं सॉफ्टवेअर) टाकलं त्याला आता आठ महिने होत आले. जुना पीसी, त्यावर उबुंटू. गिऱ्हाइकांची नावं काही मराठीत काही कन्नडात, दोन्ही नीट बसतात, तिथं तक्रार नाही.

वैताग आला तो पहिल्याच आठवड्यात. गोडाऊनच्या पीसीवरनं कनेक्टच होईना, कनेक्शन रिफ्यूज्ड, सर्व्हर चालू आहे का असं मलाच विचारतंय आणि सर्व्हर तर डोळ्यासमोर चालू, वर मामा मागे उभा राहून "काय करूलास रे मघापासनं". कारण एवढंच की लिसन_ॲड्रेसेस (सर्व्हरनं कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ती सेटिंग) सुरुवातीला लोकलहोस्ट असतं, त्याच मशीनवरनं आलेलं ऐकतं, बाकी कुणाचं नाही. हे त्या मेसेजात सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

नेटवर उत्तर सापडलं, त्या सेटिंगमध्ये स्टार टाका (म्हणजे सगळ्या पत्त्यांवर ऐक) आणि पीजी_एचबीए फाइलमध्ये (कुणाला कसं आत घ्यायचं त्याची यादी) ०.०.०.०/० ला, म्हणजे कुठल्याही आयपी पत्त्याला, ट्रस्ट द्या. ट्रस्ट म्हणजे पासवर्ड न विचारताच आत! तेवढं नशिबानं केलं नाही, पासवर्ड ठेवला, पण स्टार टाकला आणि बेळगावात टिळकवाडीतनं घरबसल्या हिशेब बघायला राउटरवर ५४३२ पोर्टही (पोस्टग्रेसचं दार) उघडलं. अतिशहाणपणा माझाच.

तीन दिवसांनी लॉग बघतोय तर 'पोस्टग्रेस' या मुख्य युजरचा पासवर्ड चुकला, चुकला, चुकला, पानंच्या पानं, आणि आयपी कुठले कुठले, एकही ओळखीचा नाही. २०१७ च्या जानेवारीत मोंगोडीबीचे (हेही डेटाबेस सॉफ्टवेअर) असेच नेटवर उघडे, वर बिनपासवर्डचे हजारो डेटाबेस पुसून बिटकॉइन मागणाऱ्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्याच वर्षी ३.६ आवृत्तीपासून त्यांनीही लोकलहोस्ट डिफॉल्ट केलं. मामाच्या उधारीचं तसं झालं असतं तर मला खानापुरात तोंड दाखवायला जागा नव्हती.

पोर्ट त्याच रात्री बंद. आता लिसनमध्ये लोकलहोस्ट आणि दुकानाचा लॅन (आतल्या नेटवर्कचा) आयपी, एचबीएमध्ये फक्त १९२.१६८.१.०/२४, म्हणजे दुकानातलंच नेटवर्क, पद्धत स्क्रॅम (पासवर्ड सुरक्षितपणे तपासायची). एचबीए बदललं तर रिलोडवर (सर्व्हर बंद न करता सेटिंग परत वाचणं) चालतं पण लिसन बदललं की रिस्टार्टच लागतो, यात माझा तास गेला. घरून बघायला एसएसएचचा टनेल (एन्क्रिप्ट केलेली खासगी वाट).

पावसात लाइट जाऊन आली की राउटर पीसीला दुसराच आयपी द्यायचा, मग गोडाऊन परत रिफ्यूज्ड. राउटरमध्ये आयपी बांधून टाकल्यापासनं मामाचा फोन नाही.