क्रॉस्बीचे लोखंडी बाप्ये – जायचं तर तिथी बघून जा

लिव्हरपूलच्या उत्तरेला क्रॉस्बी म्हणून बीच आहे, तिथे अँटनी गॉर्मली या शिल्पकाराचं ‘अनदर प्लेस’ आहे, ते मी दोनदा बघितलंय, म्हणजे खरं तर दीडदाच, कारण पहिल्या वेळी जवळजवळ सगळं पाण्याखाली होतं. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी थोडक्यात काय आहे ते. बिडाचे शंभर पुतळे, माणसाच्या उंचीचे, म्हणजे १ मीटर ८९ सेंटीमीटर, एकेकाचं वजन ६५० किलो, सगळे नागडे, हात खाली सोडून सरळ उभे, तोंड समुद्राकडे. किनाऱ्यालगत तीनेक किलोमीटर लांब आणि आत पाण्यात जवळजवळ एक किलोमीटरपर्यंत पसरलेत. सगळे गॉर्मलीच्या स्वतःच्याच अंगावरून घेतलेल्या १७ साच्यांतून काढलेत, त्यामुळे नीट बघितलं तर कुणाची छाती जरा फुगलेली, कुणाचा खांदा जरा पडलेला असा फरक दिसतो, पण माणूस एकच. तिकीट नाही, गेट नाही, गार्ड नाही, चोवीस तास उघडं. आणि तरी वेळ चुकली तर काही म्हणजे काही दिसत नाही.

आमचं तेच झालं. गेल्या वर्षी मी आणि बायको शनिवारी मँचेस्टरहून आरामात निघून साडेबारा-एकला पोचलो. वारा असा की डोळे उघडवेनात, पाणी पार प्रोमनेडच्या पायऱ्यांच्या जवळ आलेलं, आणि शंभर पुतळ्यांपैकी आम्हाला दिसले सात. त्यातले तीन छातीपर्यंत पाण्यात, आणि दोन जण म्हणजे नुसती डोकी, लाट आली की गायब, गेली की परत वर, आपल्याकडे जाळ्याची बोयरी दिसतात ना तशी. म्हटलं ठीक आहे, मॉडर्न आर्ट असेल. फोटो काढले, स्टेशनजवळच्या एका कॅफेत (नाव नाही घेत) कोमट चहा प्यायलो आणि परत.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. बाबा दापोलीचे, आयुष्य हर्णै-मुरुडच्या किनाऱ्यावर गेलेलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आज काय आहे?" मी म्हटलं शनिवार. "वार नाही रे, तिथी." बायकोने कालनिर्णयच्या ॲपमध्ये बघितलं तर पौर्णिमा. "मग भर दुपारी कशाला गेलात? पुनवेला बाराला भरती नाही तर काय असणार?"

कोकणातल्या माणसांना हे सांगायला नको पण इतरांसाठी सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे अकरा ते बाराच्या दरम्यान. तिथून सहा तासांनी ओहोटी. मला वाटलं हे आपल्या किनाऱ्यापुरतं असेल, प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते, चंद्र डोक्यावर आल्यावर पाणी किती वेळाने चढतं ते किनाऱ्याच्या आकारावर ठरतं. पण योगायोग असा की लिव्हरपूललाही उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपासच येते. त्यामुळे बाबांची पाऊणकी तिथे बऱ्यापैकी लागू पडते, फक्त उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे केलेली असतात तेवढा एक तास मिळवायचा. नॅशनल ट्रस्टच्या (इथली ऐतिहासिक वास्तू आणि निसर्ग जपणारी संस्था) कुठल्याही जागेसाठी मला कधी पंचांग उघडावं लागलं नव्हतं.

या वर्षी आई-बाबा तीन महिने आले होते, तेव्हा दुसऱ्यांदा गेलो, आणि या वेळी दिवस बाबांनी ठरवला. आषाढी एकादशी, रविवार. "अकरा पाऊणे सव्वाआठ, तुमचा एक तास धरून सव्वानऊ, ओहोटी सव्वातीन-साडेतीन, आपण दोनला तिथे पाहिजे." मी मोबाईलवर लिव्हरपूलचं टाइडटेबल काढलं, पंधरा-वीस मिनिटांचा फरक. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला.

दोनला पोचलो आणि मी खरंच थबकलो. तोच बीच, पण समुद्र गेलाय कुठेतरी क्षितिजाजवळ, आणि मधे ही ओली, चकचकीत, करड्या रंगाची जमीन आणि तिच्यावर जिकडे बघावं तिकडे माणसं. लांबची माणसं टाचणीएवढी. त्यात जिवंत माणसंही फिरत असतात, कुत्री असतात, आणि बराच वेळ आपल्याला कळत नाही की तो लांबचा हललेला की नाही. आईने एका माणसाला लोखंडी समजून त्याच्याकडे बोट दाखवलं आणि तो खाली वाकून बुटाची लेस बांधायला लागला. आईची पहिली प्रतिक्रिया "अगो बाई, एवढ्या वाऱ्यात उघडे?" आणि दुसरी, जी मला जास्त आवडली, "एकही दुसऱ्याकडे बघत नाहीये बघ, सगळे आपापले, भांडण झाल्यासारखे." एकाला कुणीतरी लिव्हरपूलची लाल जर्सी घातली होती, एकाला लोकरीची टोपी. इथे हे नेहमीचंच आहे म्हणे.

आता मुख्य मुद्दा, लोखंड. हे पुतळे मुळात १९९७ मध्ये जर्मनीत कुक्सहाफेनला उभे राहिले, मग नॉर्वे आणि बेल्जियमच्या किनाऱ्यांवर फिरून २००५ मध्ये इथे आले. इथूनही २००६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला जायचे होते. कोस्टगार्डला काळजी होती की लोक बघायला आत जातील आणि अडकतील, काहींना नागडेपणा खटकत होता, बरीच वादावादी झाली, शेवटी २००७ मध्ये कायम ठेवायचं ठरलं, काही पुतळे थोडे इकडेतिकडे हलवून. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं रोज दोनदा हे बुडतायत आणि वर येतायत. आणि ते दिसतं. किनाऱ्याजवळच्यांना पाणी कमी वेळ लागतं, ते नुसते गंजलेत, विटकरी-तपकिरी, हात फिरवला की पोपडा निघतो आणि तळहात लाल होतो. थोडं आत गेलं की पोटऱ्यांपासून वर काहीतरी पांढरट खरखरीत चढायला लागतं. त्याच्या पुढच्यांना तर मांड्या, हात, छाती सगळ्यावर कवचांचा थर, बोटं वेगळी ओळखूच येत नाहीत, नाक गेलंय, हिरवं शेवाळ केसांसारखं लोंबतंय. एकच माणूस, पण किनाऱ्यापासून किती लांब उभा केलाय त्यावर त्याचं म्हातारपण ठरलंय. मला या सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटली आणि त्याच्या पाटीवर तिचा काही उल्लेख नाही.

बाबा एका पुतळ्याच्या गुडघ्यासमोर उकिडवे बसले, नखाने एक कवच खरवडून बघितलं, निघालं नाही. "कालवं नव्हेत ही." बरोबरच आहे, ही बार्नेकल्स आहेत, आपल्याकडे खडकावर पाय कापतात तसलीच. घरी येऊन वाचलं तर संशोधकांनी हे पुतळे अभ्यासलेत, आणि त्यांच्यावर जी बार्नेकल्स माजलीत त्यात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडून आलेली एक जात आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांना चिकटून ब्रिटनमध्ये आलेली. ही किनारपट्टी वाळूची, चिकटायला दगड नाही, मग यांना आयतं लोखंड मिळालं. बाहेरून यायचं आणि मिळेल त्याला घट्ट धरून बसायचं, आम्हा व्हिसावाल्यांना हे कळतं.

बायकोने इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस केलेत, तिने शोधून काढलं की हा गॉर्मली १९७१ ते १९७४ भारतात आणि श्रीलंकेत होता आणि गोएंका गुरुजींकडे विपश्यना शिकला होता. त्यानंतर ती त्या पुतळ्यांकडे बघून सारखी "अनिच्चा, अनिच्चा" (पाली शब्द, म्हणजे अनित्य) करत होती आणि आई विचारत होती, "काय नको म्हणते?"

साडेचारनंतर पाणी यायला लागलं आणि खरा शो तेव्हा सुरू होतो. लाटा वगैरे काही नाही, नुसतं पसरतं. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं, इथे नऊ-दहा, आणि बीच सपाट, त्यामुळे दर पाच मिनिटांनी समोरचं चित्र वेगळं. आम्ही पायऱ्यांवर बसून साबुदाण्याची खिचडी खात (बाबांचा उपास, बाकीचे संधिसाधू) एक पुतळा धरून ठेवला होता, डावीकडून चौथा. पाचला घोटे. सव्वापाचला गुडघे. मग कंबर, मग बराच वेळ काहीच नाही असं वाटतं, तेवढ्यात मागून एक भलंमोठं कंटेनर जहाज बंदराकडे सरकतं, लाल क्रेन्स, पलीकडे पवनचक्क्या, आणि आपण परत बघतो तर याच्या छातीला लागलेलं असतं. आणि तो काहीच करत नाही. आई शेवटी म्हणालीच, "अरे, हल की मेल्या."

पूर्ण बुडेपर्यंत थांबलो नाही, थंडी वाजायला लागली. जुलै. हो, जुलै.

आता अर्धा स्टार. एक म्हणजे माहितीच्या पाट्या फार तोकड्या आहेत. धोक्याच्या पाट्या आहेत, त्या मात्र वाचा आणि ऐका, आतल्या पुतळ्यांपर्यंत चालत जायचं नाही म्हणजे नाही, मऊ वाळू आणि चिखल आहे आणि पाणी आधी मागच्या सखल भागात शिरतं, म्हणजे तुम्ही पुढे बघत असता आणि मागचा रस्ता बंद. मी शहाणपणा करून दुसऱ्या रांगेच्या जरा पुढे गेलो आणि डावा बूट चिखलात सोडून आलो, मग पाय ओढून काढला, मग बूट ओढून काढला, बाबा लांबून बघत होते आणि कोकणातल्या माणसाने असं करावं याची त्यांना मनापासून लाज वाटली. दुसरं, आडोसा कुठेच नाही, टॉयलेट आधी उरकून घ्या, वयस्कर माणसं असतील तर विंडचीटर आणि कानटोपी घ्याच, महिना कुठलाही असो. आणि निळ्या पाण्याची अपेक्षा ठेवू नका, मर्सी नदीचं तोंड आहे, पाणी चहाच्या रंगाचं.

जायला लिव्हरपूल सेंट्रलवरून मर्सीरेलची साउथपोर्टकडे जाणारी गाडी, वीसेक मिनिटांत ब्लंडलसँड्स अँड क्रॉस्बी, तिथून दहा मिनिटं चालत. वॉटरलूला उतरलात तर दक्षिणेकडून सुरुवात करता येते. पण माझं ऐकाल तर हॉल रोडला उतरा आणि आधी थोडं उत्तरेकडे चाला. तिथे किनाऱ्यावर विटा पडल्यात, ढिगांनी. १९४१ मध्ये जर्मनांनी लिव्हरपूलवर बॉम्ब टाकले त्यात पडलेल्या घरांचा आणि इमारतींचा राडारोडा इथे आणून टाकला होता. कोरलेल्या खिडकीचा तुकडा, दाराच्या चौकटीचा दगड असं काहीबाही अजून ओळखू येतं. आणि विटा समुद्राने इतक्या घासल्यात की काही अक्षरशः लाडवासारख्या गोल झाल्यात. हे गॉर्मलीच्या कामात धरलेलं नाही, कुणी मांडलेलं नाही, पण मला विचाराल तर प्रदर्शन तिथूनच सुरू होतं. बाबांनी अशी एक वीट उचलली, हातात घेऊन फिरवून बघितली आणि परत होती तिथे ठेवली.

पुढचा बेत ठरलाय. सप्टेंबरातली अमावास्या. पाऊणकीप्रमाणे ओहोटी संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला, आणि सूर्यास्तही तेव्हाच, आणि तोंड पश्चिमेला. शंभरच्या शंभर मोजायचेत. मँचेस्टरहून आमच्या गाडीत दोन जागा आहेत, डबा आणि जास्तीचे मोजे आपापले आणा.