उबुंटू सर्व्हरवर लांबून डेस्कटॉप: एक्सआरडीपी की व्हीएनसी?

ऑफिसातल्या उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर लांबून डेस्कटॉप उघडायचा म्हटलं की दोन नावं पुढे येतात, एक्सआरडीपी (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपच्याच पद्धतीने बोलणारा प्रोग्राम) आणि व्हीएनसी. दोन्ही फुकट मिळतात. पण उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तीत डेस्कटॉप मुळात नसतोच, तो आधी टाकावा लागतो. तिथे ग्नोमच्या, म्हणजे उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपच्या, मागे लागू नका. एक्सएफसीई हा डेस्कटॉप हलका आहे, रॅम कमी खातो आणि दोघांशीही नीट जमवून घेतो.

तुमची माणसं विंडोजवर बसत असतील तर माझा कौल एक्सआरडीपीला. विंडोजमध्ये 'रिमोट डेस्कटॉप कनेक्शन' आधीपासूनच असतं, त्यामुळे प्रत्येकाच्या मशिनवर वेगळं काही टाकायला लागत नाही. सर्व्हरचाच युजरनेम-पासवर्ड चालतो, प्रत्येकाला स्वतःचं सेशन मिळतं आणि मध्येच नेट गेलं तरी परत जोडल्यावर काम होतं तिथेच सापडतं. आवाज मात्र सहसा वेगळं मॉड्यूल टाकल्याशिवाय येत नाही. आणि तो काळा पडदा! लॉगिन होतं, पण पुढे काहीच दिसत नाही. मी त्यापायी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. तोच युजर सर्व्हरच्या मॉनिटरवर आधीच लॉगिन होता, एवढंच कारण निघालं. तिथून लॉगआउट केल्यावर डेस्कटॉप लगेच उघडला.

व्हीएनसी १९९०च्या दशकात केंब्रिजच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्याची पद्धत साधी आहे: पडद्यावरचं चित्र उचलायचं आणि पलीकडे पाठवायचं. म्हणूनच सर्व्हरच्या मॉनिटरवर या क्षणी जे चाललंय तेच बघायचं असेल, कुणाला हात धरून शिकवायचं असेल, तर एक्स११व्हीएनसी या व्हीएनसी प्रोग्रामसारखं सोयीचं काही नाही. पण त्याच्या जुन्या पद्धतीच्या पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात. तुम्ही चौदा अक्षरांचा घाला, उरलेली सहा वाया. शिवाय त्या पद्धतीत पडद्यावरचा मजकूर एन्क्रिप्ट न होताच, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येईल असा, जातो.

काहीही निवडा, पण एक्सआरडीपीचं ३३८९ किंवा व्हीएनसीचं ५९०१ हे पोर्ट (सर्व्हरचं क्रमांकाचं दार) इंटरनेटवर उघडं ठेवू नका. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ब्लूकीप त्रुटीमुळे जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं. एक्सआरडीपी त्यात नव्हतं, तरी उघड्या पोर्टवर पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम दिवसरात्र येतच असतात. बाहेरून फक्त एसएसएचचं (सर्व्हरशी एन्क्रिप्ट करून जोडण्याची पद्धत) २२ उघडं ठेवा, त्यावर पासवर्डऐवजी की-फाइल वापरा आणि डेस्कटॉप त्याच्याच बोगद्यातून न्या. बोगद्याच्या आपल्या बाजूच्या तोंडाला ३३९० हे पोर्ट घ्या, कारण विंडोजमध्ये ३३८९ आधीच व्यापलेलं असू शकतं. मग कनेक्शनच्या खिडकीत 'लोकलहोस्ट:३३९०' लिहायचं.

नेट फारच मंद असेल तर एक्स२गो हा तिसरा पर्याय बघा. ते मुळातच एसएसएचवरून चालतं, फक्त प्रत्येक मशिनवर त्याचा क्लायंट टाकावा लागतो.

सगळं झालं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सर्व्हरच्या बाहेरच्या पत्त्यावर थेट ३३८९ला जोडून बघा. लॉगिनची खिडकी आली तर फायरवॉल अजून उघडी आहे.