छाती वाढली, पण भलतीच

गेल्या वर्षी पहिला पगार झाला आणि कोल्हापुरात जिम लावली. आमचे आबा तालमीतले. त्यांचं म्हणणं, जोर मारत राहा, छाती आपोआप भरते. पण मला घाई होती, चुलतभावाचं लग्न तोंडावर आलेलं.

ट्रेनरनं ‘चेस्ट पॅकेज’ सांगितलं. तीन महिने, 12 हजार, रोख. आठवड्यातून पाच दिवस बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून वजनाचा बार छातीपासून वर ढकलायचा. तिसऱ्याच आठवड्यात मी 60 किलो मारायला लागलो, म्हणजे मला तसं वाटत होतं. ट्रेनर डोक्याशी उभा राहून दोन्ही हातांनी बार ओढायचा आणि वर ओरडायचा, “तुझाच आहे भावा, तुझाच!” एकदा तो नसताना मित्र मागं थांबला, बारला हात न लावता. बार छातीवर आला तो तिथंच बसला. मला खरं पेलणारं वजन निघालं 40 किलो.

तेव्हाच शहाणा व्हायचो, पण नाही. पॅकेजात प्रोटीनचा डबा होता आणि बिनलेबलच्या पिशवीत गुलाबी गोळ्या. “व्हिटॅमिन आहे, बाहेरचं.” महिन्यात 5 किलो वजन वाढलं, शर्ट तटतटायला लागले, मी खूश. मग पाठभर पुळ्या उठल्या. मग डाव्या स्तनाग्राखाली चिंचोक्याएवढी गाठ हाताला लागली. बनियन घासलं तरी कळ यायची. ट्रेनर म्हणाला, “मसल फुटतोय, चांगलंय.”

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, गोळ्या स्टेरॉइडच्याच असणार. बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बनवणं आवरतं घेतं. काही स्टेरॉइडचं शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन, होतं आणि पुरुषाच्याही छातीतली स्तनग्रंथी वाढते. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. गाठ जुनी होऊन घट्ट झाली तर शस्त्रक्रियाच.

घरी येऊन डबा नीट पाहिला. खाद्यपदार्थांवर असणारा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) परवाना क्रमांक 14 आकडी असतो, यावर 12च आकडे. पैसे मागायला गेलो तर ट्रेनर म्हणतो, “पावती दाखव.” पावती कुठली?

गोळ्या बंद करून सात महिने झाले. आता दुसऱ्या जिममध्ये आठवड्यातून दोनदाच छाती मारतो. बार सावकाश खाली छातीला टेकवायचा, मग वर. 45 किलो, पण माझे. गाठ तुरीच्या डाळीएवढी उरलीय. पुढची तपासणी दिवाळीनंतर.