युरेल पास की सुटी तिकिटे?

सॅक पाठीला लावून मुंबईहून प्रथमच युरोपला निघणाऱ्या तरुणांनी पास घ्यावा की प्रत्येक प्रवासाचे सुटे तिकीट, हा निर्णय मार्ग पाहून घ्यावा. युरेल पास, म्हणजे युरोपातील रेल्वेप्रवासाचा एकत्रित पास, 33 देशांत चालतो आणि 27 वर्षांपर्यंतच्या प्रवाशांना सवलतीत मिळतो. जर्मनी-ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचे नसल्याने साल्झबुर्ग आवडले तर मुक्काम वाढवता येतो, आणि पहिल्या प्रवासात हे स्वातंत्र्य मला फार मोलाचे वाटते. फ्रान्समधील टीजीव्ही किंवा युरोस्टार या वेगवान गाड्यांसाठी मात्र पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात. पॅरिस, ॲमस्टरडॅम, बर्लिन एवढीच शहरे ठरलेली असतील, तर लवकर काढलेली सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात. परंतु अशा सवलतीच्या तिकिटांचे पैसे सहसा परत मिळत नसल्याने शेंगेन व्हिसा (युरोपातील अनेक देशांसाठीचा एकच व्हिसा) हाती येण्यापूर्वी ती काढू नयेत.